जंत, शीची तपासणी आणि जंताची गोळी: ठाणे-नवी मुंबईतून वारंवार येणारे प्रश्न

आमची पॅथॉलॉजी लॅब ठाण्यात आहे. नमुने घोडबंदर, कळवा, ऐरोलीहून येतात, तसे शहापूर-मुरबाडच्या डॉक्टरांकडूनही येतात. शाळांमध्ये जंताची गोळी वाटली की आठवडाभर काउंटरवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तेच ते प्रश्न सुरू होतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लॅबच्या बाजूने दिली आहेत. औषध कोणतं, किती आणि केव्हा हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. एकाचं उत्तर बऱ्याचदा दुसऱ्या प्रश्नात असतं, म्हणून क्रमांक घातलेत.

१. जंत म्हणजे नक्की कोणते? सगळे सारखेच ना?

सारखे मुळीच नाहीत, आणि निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. मातीतून पसरणारे मुख्य जंत तीन. गोल जंत, म्हणजे अस्कॅरिस, १५ ते ३५ सेंटीमीटर लांब असतो आणि लहान आतड्यात राहतो. चाबूककृमी, म्हणजे ट्रिक्युरिस, मोठ्या आतड्यात असतो. अंकुशकृमी, म्हणजे हूकवर्म, जेमतेम सेंटीमीटरभर लांब, पण आतड्याच्या अस्तराला चावा घेऊन रक्त पितो. या तिघांपैकी एकाचा तरी संसर्ग जगात सुमारे दीड अब्ज लोकांना आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

चौथा सूतकृमी, म्हणजे पिनवर्म. याला माती लागत नाही. तो हातातून हातात जातो. शहरातल्या आया ‘पांढरे बारीक दोऱ्यासारखे जंत’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच. पाचवा पट्टकृमी, त्याची गोष्ट वेगळी आहे, ती प्रश्न २१ मध्ये.

२. तोंडावर पांढरे डाग आलेत, रात्री दात खातो, गोड फार खातो. जंतच असणार ना?

या तिन्हींवरून जंत ठरत नाहीत. गालावरचे फिकट डाग बहुधा कोरड्या त्वचेचा एक साधा प्रकार असतो, मुलांमध्ये खूप दिसतो आणि आपोआप जातो. दात खाण्याचा आणि जंतांचा संबंध सिद्ध झालेला नाही. गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. जंत अंड्यांतून किंवा अळ्यांतून येतात, पेढ्यातून नाही.

खरं सांगायचं तर थोडे जंत असले की बहुतेकदा काहीच लक्षण दिसत नाही. संख्या वाढली की पोट दुखणं, भूक मंदावणं, वजन न वाढणं, आणि अंकुशकृमी असेल तर रक्त कमी होणं. पोट फुगून सतत उलट्या होत असतील किंवा उलटीतून जंत पडला, तर लॅबमध्ये येऊ नका, सरळ हॉस्पिटलला जा. गोल जंतांचा गुंता आतडं अडवू शकतो, आणि एखादा पित्तनलिकेतही शिरतो. तिथे तो सोनोग्राफीत दिसतो.

३. आम्ही टॉवरमध्ये राहतो, मुलगा मातीत खेळतच नाही. मग जंत आले कुठून?

आधी कोणता जंत ते पाहा. सूतकृमी असेल तर टॉवरचा काही उपयोग नाही. पाळणाघर, शाळेचं बाक, एकाच पलंगावर झोपणारी भावंडं, इतकं त्याला पुरे होतं.

गोल जंताचं मात्र तसं नाही. त्याची अंडी शीतून बाहेर पडतात तेव्हा संसर्ग करण्याच्या अवस्थेत नसतात. ओलसर मातीत दोन ते चार आठवडे मुरल्यावर ती तयार होतात. त्यामुळे वर्गातल्या मुलाकडून थेट गोल जंत लागत नाही. ती अंडी येतात कच्च्या भाजीवरून, मातीच्या हातांवरून, किंवा मे महिन्यात गावी काढलेल्या सुट्टीतून. सुट्टीत संसर्ग झाला तर अंडी शीत दिसायला दोन-तीन महिने जातात, म्हणजे ऑगस्ट उजाडतो. तोवर गावाची आठवण कोणाला राहत नाही आणि दोष सोसायटीच्या टाकीवर जातो.

अंकुशकृमीची अळी तोंडावाटे कमी आणि अनवाणी पायाच्या कातडीतून जास्त शिरते. हे कळलं तेही अपघातानेच: १९व्या शतकाच्या अखेरीस कैरोमध्ये आर्थर लूस या शास्त्रज्ञाच्या हातावर अळ्यांचं पाणी सांडलं, तिथे खाज सुटली, आणि काही आठवड्यांनी त्याच्याच शीत अंडी सापडली. भातलावणीच्या तुडुंब चिखलापेक्षा बांधालगतची सावलीतली ओलसर माती जास्त धोक्याची, कारण अळीला ओल लागते तशी हवाही लागते, आणि लोक शौचाला बसतात तेही तिथेच.

४. ‘स्टूल रुटीन’मध्ये तुम्ही नेमकं काय बघता?

आधी डोळ्यांनी: रंग, घट्टपणा, रक्त, आव, एखादा अख्खा जंत. मग काचपट्टीवर एका बाजूला सलाइनचा थेंब, दुसऱ्या बाजूला आयोडीनचा, आणि काडीच्या टोकावर येईल एवढी शी दोन्हींत कालवून वर काच ठेवायची. ही शी साधारण दोन मिलिग्रॅम. मग सगळं क्षेत्र ओळीने नजरेखालून घालायचं.

गोल जंताचं अंडं एकदा पाहिलं की विसरत नाही. पित्ताने रंगलेलं सोनेरी-तपकिरी, कडेने खडबडीत, आत गोळा. चाबूककृमीचं अंडं पिंपासारखं, दोन्ही टोकांना पारदर्शक बुच. अंकुशकृमीचं सगळ्यात फसवं: पातळ बिनरंगी कवच, आत चार-आठ पेशी, आणि पेशी व कवच यांमध्ये रिकामी पट्टी. प्रकाश जरा जास्त ठेवला की ते दिसतच नाही, म्हणून जाणता टेक्निशियन मायक्रोस्कोपचा प्रकाश आधी कमी करतो. घाईच्या सकाळी, पन्नास नमुने रांगेत असताना, नेमकं हेच राहून जातं.

काही डॉक्टर ‘कॉन्सन्ट्रेशन’ लिहून देतात. त्यात शी गाळून, फॉर्मॅलिन आणि ईथर घालून फिरवतात. अंडी तळाशी जमतात आणि थोडी असली तरी सापडायची शक्यता वाढते. जंताचाच संशय असेल तर हे सांगून करून घ्या. नुसतं ‘रुटीन’ लिहिलं तर बहुतेक ठिकाणी होत नाही.

५. नमुना कसा आणायचा? बाटलीत ‘जंत’ पकडून आणला तर चालेल?

कोरड्या रुंद तोंडाच्या डबीत, अक्रोडाएवढी शी पुरे. कमोडमधलं पाणी किंवा लघवी मिसळू देऊ नका. डायपरमधून खरवडलेली शी आम्ही घेतो, पण ओल डायपरने शोषलेली असते आणि निकाल तितका भरवशाचा राहत नाही. एरंडेल घेतलं असेल, अँटासिड सुरू असेल किंवा बेरियमचा एक्स-रे झाला असेल तर आधी सांगा. दोन-तीन तासांत पोहोचवता येत नसेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत दिवसभर राहिलेल्या नमुन्यातली अंकुशकृमीची अंडी फुटून अळ्या बाहेर येऊ शकतात, आणि मग त्या कोणाच्या यावर वाद होतो (प्रश्न २२).

पकडलेला जंत जरूर आणा, पण मन घट्ट करून. डबीतून निघतात ते बऱ्याचदा कांद्याचे पापुद्रे, टोमॅटोची साल, मुगाचे मोड आणि केळ्यातले काळसर तंतू. बाथरूमच्या जाळीजवळ सापडलेली बारीक काळपट अळी तर पावसाळ्यात हमखास येते. ती गटारमाशीची अळी; मुलाच्या पोटातून नाही, मोरीतून आलेली. मोरी घासा, मुलाला औषध नको.

६. रिपोर्ट ‘निल’ आला. म्हणजे जंत नाहीतच, असं समजू का?

असं समजू नका. ‘निल’ म्हणजे आम्ही पाहिलेल्या दोन मिलिग्रॅममध्ये सापडले नाहीत, एवढंच. गणित सरळ आहे: त्या थेंबात एक अंडं दिसायला शीच्या एका ग्रॅममध्ये साधारण ५०० अंडी असावी लागतात. सौम्य संसर्गात तेवढी नसतात. शिवाय अंडी रोज सारखी पडत नाहीत आणि शीच्या गोळ्यात सगळीकडे सारखी पसरलेलीही नसतात.

अंडीच नसण्याचीही कारणं आहेत. संसर्ग ताजा असेल तर जंत अजून वयात आलेला नसतो. नुसते नर जंत असतील तर अंडी येणारच नाहीत. सूतकृमी तर शीच्या तपासणीत क्वचितच सापडतो (प्रश्न १०). म्हणून संशय कायम असेल तर एकाऐवजी तीन नमुने, एक दिवसाआड, दहा दिवसांच्या आत. तीन वेगळ्या दिवसांचे; एकाच शीचे तीन डबे करून आणू नका. असंही लोक करतात.

७. सरकारी सर्व्हेत ‘काटो-काट्झ’ लिहिलेलं असतं. ती तपासणी तुमच्याकडे का नाही?

कारण तिचा प्रश्नच वेगळा आहे. आम्हाला विचारतात ‘आहे की नाही’. सर्व्हेला हवं असतं ‘किती’. जपानी काटो यांनी १९५४ मध्ये सुचवलेली आणि ब्राझीलच्या काट्झ व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये प्रमाणित केलेली ही पद्धत. प्लॅस्टिकच्या पट्टीत एक भोक असतं, त्यात नेमकी ४१.७ मिलिग्रॅम शी मावते. ती काचपट्टीवर ठेवून ग्लिसरीनमध्ये भिजवलेला सेलोफेनचा तुकडा दाबायचा. ग्लिसरीनने शी पारदर्शक होते, सगळी अंडी मोजायची आणि २४ ने गुणायचं. आलेला आकडा म्हणजे एका ग्रॅममधली अंडी.

गोल जंताची ५,००० पेक्षा कमी म्हणजे सौम्य, ५०,००० किंवा जास्त म्हणजे तीव्र. अंकुशकृमीचा सौम्य वर्ग २,००० खालीच संपतो आणि ४,००० पासून तीव्र सुरू होतो, कारण तो अंडी कमी घालतो पण रक्त जास्त घेतो. या रोगात मोजण्याला अर्थ आहे तो यामुळे: दहा जंत असलेलं मूल आणि दोनशे जंत असलेलं मूल, दोघांच्या रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ हा एकच शब्द येतो.

एक अडचण मात्र पक्की लक्षात ठेवावी. ग्लिसरीनने अंकुशकृमीचं पातळ अंडं अर्ध्या-एक तासात इतकं पारदर्शक होतं की दिसेनासंच होतं. पाड्यावर सकाळी नमुने गोळा केले, पट्ट्याही तिथेच केल्या आणि दुपारी तालुक्याच्या ठिकाणी बसून मोजल्या, तर गोल जंत दिसेल, अंकुशकृमी गेलेला असेल. कमी आकडे वाचताना पट्टी केव्हा वाचली हे विचारायला हवं.

८. मग पीसीआरच का करत नाहीत? कोविडमध्ये तर सगळीकडे होतं.

संशोधनात ही, नमुन्यातला डीएनए शोधणारी, तपासणी करतात. तमिळनाडू, बेनिन आणि मलावी इथे झालेल्या ‘डीवर्म-थ्री’ या मोठ्या चाचणीत पीसीआरच वापरला, कारण प्रश्न होता संसर्गाची साखळीच तुटते का, आणि औषधाच्या फेऱ्यांनंतर उरलेले थोडे जंत मायक्रोस्कोपला दिसत नाहीत.

पण जंताच्या अंड्याचं कवच भलतंच चिवट असतं. आतला डीएनए मिळवायला नमुना बारीक मण्यांबरोबर जोराने हलवून कवच फोडावं लागतं. ती पायरी गाळली तर महागडं मशीनही ‘निल’च सांगतं. दुसरी गोष्ट पैसे वाचवणारी आहे: खासगी लॅबमधले जुलाबांचे सर्वांत चालणारे पीसीआर पॅनल जिवाणू, विषाणू आणि अमीबा-जिआर्डियासारखे एकपेशीय परजीवी शोधतात, जंत त्यात नसतातच. पैसे भरण्याआधी यादी वाचा.

सध्या दोन दिशांनी प्रयोग चालू आहेत. एक म्हणजे काटो-काट्झच्या पट्टीचा फोटो काढून सॉफ्टवेअरकडून अंडी मोजून घेणं. दुसरी म्हणजे घराघरांतून डब्या गोळा करण्याऐवजी सांडपाण्यातून जंतांचा डीएनए शोधणं. नवी मुंबईसारखं शहर, जिथे गटारं नकाशावर आखलेली आहेत आणि प्रक्रिया केंद्रं चालू आहेत, ते यासाठी सोयीचं ठरावं, असं मला वाटतं.

९. सीबीसीमध्ये इओसिनोफिल वाढलेत. जंतच ना?

असू शकतात, पण रक्तातल्या या पांढऱ्या पेशींवरून सही करता येत नाही. अळ्या शरीरातून प्रवास करतात, विशेषतः फुप्फुसांतून जातात, तेव्हा या पेशी वाढतात. तेव्हा शीत अंडी नसतात आणि शीत अंडी दिसू लागतात तोवर पेशी खाली आलेल्या असू शकतात. दमा, त्वचेची अ‍ॅलर्जी आणि काही औषधं यांनीही त्या वाढतात. सूतकृमीत सहसा वाढतच नाहीत.

१०. मुलीला रात्री शीच्या जागी खाज सुटते, झोप लागत नाही. रिपोर्ट दोनदा निल. काय करू?

शी तपासणं सोडा, चिकटपट्टी वापरा. सूतकृमीची मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन कातडीवर अंडी घालते. शीत ती जवळपास नसतातच. सकाळी उठल्याउठल्या, शी करण्याआधी, आंघोळीआधी, पारदर्शक सेलोटेपची चिकट बाजू गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर दाबा आणि तीच पट्टी लॅबने दिलेल्या काचपट्टीवर चिकटवून आणा. दुधी रंगाची, खरखरीत टेप नको, तिच्यातून काही दिसत नाही. ओळीने तीन सकाळी केलं तर बहुतेक सापडतो. ही युक्ती १९४१ पासूनची आहे आणि अजून तिला तोड नाही.

सापडला तर औषध बहुधा घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी देतात, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. औषध जंतांना मारतं, अंड्यांना नाही. दुसरा डोस त्यांतून निघालेल्यांसाठी. नखं कापा, चादरी-चड्ड्या गरम पाण्यात धुवा, मुलीला शाळेत पाठवा.

११. शाळेत कोणालाही न तपासता गोळी देतात. हे बरोबर आहे का?

बरोबर आहे, आणि तपासणी करणाऱ्याने सांगितलेलं बरं. राष्ट्रीय जंतनाशक दिन फेब्रुवारी २०१५ मध्ये ११ राज्यं व केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या ठरलेल्या तारखा, त्या थोड्या पुढेमागे होतात. गैरहजर मुलांसाठी आठवड्याने दुसरा दिवस असतो. १ ते १९ वयाच्या मुलांना अल्बेंडाझोल: दोन वर्षांखाली अर्धी गोळी, म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्यावर पूर्ण ४०० मिलिग्रॅम.

तपासणी आणि त्यामागचे लोक यांचा खर्च गोळीच्या किमतीच्या कितीतरी पट होतो, शिवाय तपासणी सौम्य संसर्ग चुकवते (प्रश्न ६). म्हणून मुलं तपासत नाहीत, भाग तपासतात. नमुना सर्व्हेत संसर्ग २० टक्क्यांच्या वर असेल तर वर्षातून एकदा आणि ५० टक्क्यांच्या वर असेल तर दोनदा गोळी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब.

आजारी मुलाला त्या दिवशी देत नाहीत. लहानग्यांना गोळी कुस्करून पाण्यातून द्यायची. अंगणवाडी ताईंनी ‘चावून खा’ म्हणून समोर उभं राहण्याचं कारण घशात अडकू नये हेच. ज्यांच्या पोटात जंत जास्त, त्यांना मळमळ-पोटदुखी जास्त. ती काही तासांत जाते.

१२. गोळी घेतली पण जंत पडलेच नाहीत. गोळी बनावट होती का?

बहुतेकांना काहीच पडलेलं दिसत नाही. हे औषध जंताची साखर घेण्याची क्षमता हळूहळू बंद करतं, तो काही दिवसांत मरतो आणि बराचसा पचून जातो. परत तपासायचं असेल तर दोन-तीन आठवडे थांबून. त्याआधी मरत्या जंतांची अंडी दिसू शकतात.

दुधा-तुपाबरोबर घ्यावी का, हेही विचारतात. तेलकट-तुपकट जेवणाने अल्बेंडाझोल रक्तात कितीतरी जास्त शोषलं जातं. मेंदूतल्या गाठींसाठी (प्रश्न २१) ते हवं असतं. आतड्यातल्या जंतासाठी औषध आतड्यात राहिलं तरी चालतं, त्यामुळे शाळेतल्या गोळीला तुपाची गरज नाही.

१३. एकच गोळी सगळ्या जंतांवर सारखी चालते?

नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात अल्बेंडाझोलच्या एका डोसने गोल जंत सुमारे ९६ टक्के लोकांत पूर्ण गेला, अंकुशकृमी ८० टक्क्यांच्या आसपास, आणि चाबूककृमी फक्त ३१ टक्क्यांत. मेबेंडाझोल या दुसऱ्या जंतनाशकाचा एक डोस गोल जंतावर छान, अंकुशकृमीवर फारच लंगडा. चाबूककृमीसाठी अल्बेंडाझोलबरोबर आयव्हरमेक्टिन हे आणखी एक औषध दिल्याने बऱ्याच ठिकाणी फरक पडला, सगळीकडे नाही. म्हणूनच ‘जंत सापडले’ एवढ्यावर न थांबता रिपोर्टवर कोणता ते लिहून मागा.

१४. दर सहा महिन्यांनी गोळी, वर्षानुवर्षं. मग जंत जातच का नाहीत?

गोळी पोटातले जंत मारते, मातीतली अंडी तशीच राहतात. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते आणि ती अंडी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहू शकतात. अंकुशकृमीचा तिढा आणखी वेगळा: त्याचा मोठा साठा मोठ्या माणसांत असतो, आणि आपली मोहीम शाळेच्या फाटकापाशी थांबते.

केनियाच्या क्वाले जिल्ह्यात हे मोजून पाहिलं. निकाल २०१९ मध्ये आला. दोन वर्षांत फक्त शाळकरी मुलांना वर्षातून एकदा गोळी दिलेल्या भागात अंकुशकृमीचं प्रमाण १८.६ वरून १३.८ टक्क्यांवर आलं. गावातल्या सगळ्यांना वर्षातून एकदा दिलेल्या भागात १७.९ वरून ८ वर, आणि दोनदा दिलेल्या भागात २०.६ वरून ६.२ वर. शहापूरच्या पाड्यावर मुलाने गोळी खाल्ली आणि वीटभट्टीवर अनवाणी राबणाऱ्या त्याच्या आईबापांना कोणी विचारलंच नाही, तर पुढच्या पावसाळ्यात काय होईल ते या आकड्यांत आहे.

जंत जातात, याचं उदाहरण दक्षिण कोरिया. १९७१ च्या पाहणीत ८४ टक्के लोकांच्या शीत जंतांची अंडी होती. १९६९ ते १९९५ शाळाशाळांत शी तपासणी आणि औषध चाललं. १९९०च्या दशकाच्या अखेरीस प्रमाण दोन-तीन टक्क्यांवर आलं. त्याच काळात शेतात मानवी मैला टाकणं बंद झालं आणि गटारं आली. श्रेय वाटून द्यावं लागतं.

१५. या मोहिमांनी मुलांची उंची, वजन, अभ्यास सुधारतो असं ऐकलं. खरं का?

यावर संशोधकांचं चांगलंच भांडण झालं आहे. केनियातल्या ७५ शाळांच्या अभ्यासात (२००४) गैरहजेरी सुमारे पाव हिश्शाने घटल्याचं दिसलं. २०१५ मध्ये इतरांनी तीच माहिती पुन्हा तपासली आणि काही निष्कर्ष डळमळीत ठरवले. आपल्याकडे उत्तर प्रदेशात १० लाख अंगणवाडी वयाच्या मुलांवर पाच वर्षं चाललेल्या ‘देवता’ चाचणीत सहामाही अल्बेंडाझोलने बालमृत्यू किंवा वजन यांत लक्षणीय फरक दिसला नाही. तो निकाल २०१३ चा. नंतरच्या एकत्रित आढाव्यांतही सरसकट गोळीने सरासरी वजन वाढल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही.

माझं मत असं: सरासरीत उत्तर शोधणंच चुकतं. बहुसंख्य मुलांत जंत थोडे असतात, त्यांना गोळीने फारसा फरक पडणारच नाही. फरक पडतो तो तीव्र संसर्ग असलेल्या थोड्या मुलांना, आणि सरासरीत ते दिसत नाहीत. म्हणूनच २०३० साठीचं जागतिक लक्ष्य ‘जंत शून्य’ असं नाही. मध्यम आणि तीव्र संसर्ग २ टक्क्यांखाली आणणं असं आहे. उंची आणि मार्कांची जाहिरात मात्र कोणी करू नये.

१६. इतक्या गोळ्या वाटल्यावर जंतांना औषधाची सवय होणार नाही का?

मेंढ्यांमध्ये झाली आहे, जगभर. जंताच्या एका प्रथिनात अगदी छोटा बदल झाला की अल्बेंडाझोलच्या गटातली औषधं त्याला चिकटत नाहीत. कुत्र्यांच्या अंकुशकृमीतही अमेरिकेत अनेक औषधांना न जुमानणारे जंत सापडले आहेत. माणसांत असा फैलाव अजून सिद्ध झालेला नाही. पहारा ठेवायची रीत म्हणजे औषधाआधी आणि दोन-तीन आठवड्यांनी अंडी मोजणं. अल्बेंडाझोलने ती गोल जंतात किमान ९५ टक्के, अंकुशकृमीत ९० आणि चाबूककृमीत ५० टक्के घटायला हवीत. यालाही काटो-काट्झसारखी मोजणीच लागते (प्रश्न ७).

१७. घरोघरी संडास झाले. आता तरी जंत संपतील?

ओडिशातल्या पुरी जिल्ह्यात १०० गावांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१४ मध्ये आला. संडास असलेली घरं ९ वरून ६३ टक्क्यांवर गेली, तरी जुलाब कमी झाले नाहीत आणि जंतही. बांधलेला संडास सगळेच वापरत नव्हते, आणि लहान मुलांची शी उघड्यावरच जात होती. वस्तीतला सार्वजनिक संडास रात्री बंद असेल किंवा पाणी नसेल तर आकडा कागदावर राहतो. लहान मुलाची शी नाल्यात किंवा कचऱ्यात न टाकता संडासात टाकणं, हे एवढं घरच्या घरी जमतं.

१८. रेल्वे रुळांजवळची पालेभाजी खावी का? आणि आरओ, क्लोरीन पुरेसं आहे?

भाजी कोणत्या पाण्यावर वाढली ते मंडईत कळत नाही, त्यामुळे सगळ्या पालेभाजीला एकच नियम: वाहत्या पाण्यात सुटी करून धुवा आणि शिजवा. शिजवलेल्या पालकाची भीती नाही. काळजी घ्यायची ती कच्च्या कोथिंबिरीची, पुदिन्याची, चटणी-कोशिंबिरीची. पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्यावर विसंबू नका.

गोल जंताचं अंडं नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला दाद देत नाही. पण मोरबे धरणाच्या किंवा भातसाच्या पाण्याची गाळण नीट झाली असेल तर हे अंडं आकाराने मोठं असल्याने तिथेच अडकतं. उकळीने मरतं. आरओतूनही पार होत नाही.

१९. बाळाला गुटीत वावडिंग देतो. तेवढं पुरेसं नाही का?

वावडिंग आणि डिकेमाली जंतांवर म्हणून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उगाळलं जातं. प्रयोगशाळेत वावडिंगातल्या घटकांचा जंतांवर परिणाम दिसतो. मात्र गुटीच्या एका वळशात किती उतरतं याला माप नाही, आणि अंडी मोजून अल्बेंडाझोलच्या तोडीचं ठरलेलं नाही. फक्त अंगावर पिणाऱ्या सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मातीचे जंत होण्याची शक्यता तशीही फार कमी. सहाण आणि पाणी स्वच्छ आहे ना, ते आधी बघा.

२०. मी गरोदर आहे. गोळी घेऊ का?

पहिल्या तीन महिन्यांत नाही. अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात दुसऱ्या तिमाहीत अल्बेंडाझोलचा एक डोस दिला जातो. तो तुमच्या डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारून घ्या. अंकुशकृमीच्या एका जातीचा एक जंत दिवसाला ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त घेतो. शंभर जंतांचा हिशोब करा, म्हणजे लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन का चढत नाही ते कळेल.

२१. आम्ही शुद्ध शाकाहारी. तरी भावाला ‘मेंदूत जंत’ कसे निघाले?

डुकराच्या कच्च्या मांसातून येतो तो आतड्यातला पट्टकृमी. मेंदूत गाठी होतात त्या त्याच्या अंड्यांमुळे, आणि अंडी येतात पट्टकृमी असलेल्या माणसाच्या शीतून: न धुतलेल्या हातावरून, भाजीवरून, पाण्यावरून. शाकाहार यात वाचवत नाही. अशा रुग्णाच्या स्वतःच्या शीत बऱ्याचदा काहीच सापडत नाही. निदान एमआरआय-सीटीवर होतं. घरातल्या इतरांची आणि स्वयंपाक करणाऱ्यांची शी तपासणं मात्र उपयोगी.

एक इशारा. फिट येत असेल तर मेडिकलमधून अल्बेंडाझोल परस्पर घेऊ नका. गाठ मरताना भोवती सूज येते आणि फिट वाढू शकते. आधी न्यूरॉलॉजिस्ट.

२२. सोसायटीत भटकी कुत्री आहेत, आणि आईला स्टेरॉइड सुरू होणार आहेत. जंतांचा विचार करायला हवा का?

हे दोन प्रश्न एकाच फोनवर आले होते, म्हणून एकत्र. कुत्र्या-मांजरांचे जंत माणसाच्या आतड्यात सहसा मोठे होत नाहीत, पण त्यांच्या अळ्या भरकटतात. वाळूच्या खड्ड्यात खेळलेल्या मुलाच्या तळव्यावर रोज थोडी पुढे सरकणारी, लाल, खाजरी, वळणावळणाची रेघ दिसली तर ती कुत्र्याच्या अंकुशकृमीची अळी. शी तपासून काही मिळणार नाही. त्वचारोगतज्ज्ञ बघून सांगतात. खेळून झालं की वाळूचा खड्डा झाकून ठेवा, पाळीव कुत्र्याला वेळच्या वेळी औषध द्या.

आईंचं प्रकरण जास्त गंभीर. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा एक बारीक जंत शरीरातच पुन्हा पुन्हा संसर्ग करत राहतो, त्यामुळे तरुणपणी शेतात लागलेला चाळीस वर्षांनीही असू शकतो. एरवी तो गप्प असतो. स्टेरॉइड सुरू झाले की अळ्या झपाट्याने वाढून सगळ्या शरीरात पसरू शकतात आणि ते जिवावर बेततं. साध्या स्टूल रुटीनमध्ये तो बहुतेकदा चुकतो, कारण शीत अंडी नसतात, मोजक्या अळ्या असतात. त्यासाठी अगार प्लेट कल्चर (शी जेलीसारख्या थरावर ठेवून अळ्या शोधणं) किंवा रक्तातली अँटीबॉडी तपासणी लागते, आणि औषध म्हणून आयव्हरमेक्टिन; शाळेतली एक गोळी पुरत नाही. आईंनी पूर्वी गावी अनवाणी शेतकाम केलं असेल, तर ते स्टेरॉइड सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि तपासणीच्या चिठ्ठीवर ‘स्ट्राँगिलॉइडिस’ हे नाव लिहून घ्या. नाव नसेल तर कोणतीही लॅब ते आपणहून शोधत नाही.